नुसत्या श्रद्धेने राई राखली जात नाही

देवराईवर, म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेल्या रानावर, कुऱ्हाड पडल्याची बातमी आली की वाद ठरलेल्या वाटेने सुरू होतो. एक बाजू सांगते, आपले पूर्वज झाडात, दगडात, पाण्यात देव पाहत होते म्हणून जंगल टिकलं. इंग्रजी शिक्षण आलं, श्रद्धा आटली आणि राई गेली. दुसरी बाजू म्हणते, देवाच्या भीतीवर जंगल कुठवर तगणार? भीती गेली ते बरंच झालं, आता लोकांना शास्त्र शिकवा आणि राई वनखात्याच्या ताब्यात द्या. दोघेही एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांचं गृहीतक एकच आहे: माणूस झाडाशी कसा वागेल ते त्याच्या मनातल्या भावनेवर ठरतं. भावना बदलली की वागणं बदललं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. ‘तोडू नको’ म्हणण्याचा अधिकार गावात कोणाकडे होता, तो कसा वापरला जाई आणि न ऐकणाऱ्याचं पुढे काय होई, यावर देवराईचं आयुष्य ठरत आलं आहे. भक्तीचा वाटा त्यात आहे, पण दुय्यम आहे. ही वहिवाट मोडली की श्रद्धा कितीही उतू जावो, झाडं पडतात. पुष्कळदा श्रद्धेच्याच नावाने पडतात.

पुरावा लांब शोधायला नको, राईच्या गडग्याला, म्हणजे भोवतीच्या दगडी बांधाला, लागूनच तो आहे. सह्याद्रीच्या उतारावरचा भातशेतकरी रोपं तयार करण्यासाठी राब भाजत आला आहे. रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, त्यावर ऐन-किंजळाचे टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावायची, म्हणजे ती धुमसत धुमसत जमीन नीट भाजते. तणाचं बी मरतं, राख खत होते, रोप जोमाने येतं. पण त्यासाठी भातखाचरांबाहेरच्या वरकस जमिनीवरच्या झाडांच्या फांद्या दर वर्षी शेंड्यापर्यंत सवळाव्या, म्हणजे छाटाव्या, लागतात. अशा झाडाचा नुसता सोट उरतो, वर चार पानांचा तुरा. 1880 च्या दशकात ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत या टहाळाच्या हक्कावरून सरकार आणि रयत यांच्यात इतकी खडाजंगी झाली की मुंबई सरकारला जंगलविषयक आयोग नेमावा लागला. आता बघा, गडग्याच्या आत वाळकी काटकी उचलायला घाबरणारा आणि गडग्याबाहेर ऐन बोडका करणारा माणूस एकच. त्याचा देव तोच, वनस्पतींबद्दलचा भाव तोच. मग दोन बाजूंना दोन वागणुकी कशा? आतल्या जमिनीला नियम होता, बाहेरच्या जमिनीला गरज होती. ‘पूर्वज निसर्गपूजक होते’ या एका वाक्यात हा गडगा मावत नाही.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आधी मान्य करतो. महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक देवराया नोंदल्या गेल्या आहेत. काही जेमतेम चार-पाच गुंठ्यांच्या, काही कित्येक एकरांच्या. यांतल्या बहुतेकींना कधी वनरक्षक मिळाला नाही, तारेचं कुंपण नव्हतं, दंडाची पावती नव्हती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात या राया हिंडून नोंदवल्या, तेव्हा आसपासचे डोंगर उघडे पडलेले असताना आत गारंबीचे मांडीएवढे वेल आणि शतकभर जुनी झाडं उभी होती. हे काम भीतीनेच केलं ना? केलं, यात शंका नाही. पहारेकरी झोपतो, देव झोपत नाही. इतकी स्वस्त राखण कुठल्याच सरकारला जमलेली नाही. पण ही भीती कशाच्या आधारावर उभी होती ते विचारलं पाहिजे. काळकाई, वाघजाई, जननी, म्हसोबा, भैरव ही दैवतं गावाची होती, एकट्या भक्ताची नव्हती. राईत कोणी चोरून झाड पाडलं आणि पुढे गावात गुरं मेली, तर जाब त्या माणसाला द्यावा लागे. कोप सामुदायिक, म्हणून नजरही सामुदायिक. देवाच्या भीतीआड शेजाऱ्याचा डोळा होता, आणि शेजारीच मुंबई-पुण्याला गेला की देवाचाही धाक निम्म्यावर येतो, हे कोकणातल्या गावांनी पाहिलं आहे.

ही व्यवस्था बाहेरच्या माणसालाही कळली होती. कंपनी सरकारच्या सांगण्यावरून 1800-01 मध्ये दक्षिणेत फिरलेला फ्रान्सिस बुकानन कारवारकडच्या भागाबद्दल लिहितो की इथली रानं गावदेवांच्या मालकीची आहेत. झाड तोडायचं तर गावच्या वंशपरंपरागत गौडाची परवानगी लागते आणि तोच देवाचा पुजारीही असतो. परवानगीसाठी देवाला काही द्यावं लागत नाही, पण न विचारता तोडलं तर कोप होतो. पुढे बुकानन खवचटपणे म्हणतो, सरकारने या मालमत्तेवर हक्क सांगू नये म्हणून केलेली ही युक्ती दिसते. त्याला हा लबाडपणा वाटला. मला तो शहाणपणा वाटतो. जमीन गौडाची म्हटली तर सरकार गौडाला दाबू शकतं, देवाला कोण दाबणार? आपल्या भक्तिमय वर्णनांपेक्षा या परक्या अधिकाऱ्याने देवराईचं मर्म अधिक नेमकं पकडलं: मालक असा, ज्याला सही करता येत नाही.

सही करता येत नाही, पण विचारता येतं. दक्षिण कोकणातल्या गावराहाटीत, म्हणजे देव आणि मानकरी यांच्याभोवतीच्या गावव्यवस्थेत, कौल लावण्याची रीत आजही आहे. तपशील गावागणिक बदलतो. साधारणपणे पाषाणावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतात, गुरव आणि गावकर गाऱ्हाणं घालतात, आणि मग वाट बघायची. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, काहीच पडलं नाही तर पुन्हा कधीतरी. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण या विधीने व्यवहारात काय साधलं जाई? तोडीचा विषय उघड्यावर येई. बारा-पाच, म्हणजे गावचे ठरलेले, मानकरी हजर असल्याशिवाय कौल लागत नसे, म्हणजे एकट्यादुकट्याला रात्रीत उरकता येत नसे. मागणी मर्यादित होई: अमक्या घराच्या तुळईसाठी एक झाड, अमक्या पुलासाठी दोन. विलंब होई, आणि विलंबात हाव थंड होते. आजच्या भाषेत ही जाहीर सुनावणीच. फरक इतकाच की आजच्या पुष्कळ सुनावण्यांत निकाल आधीच ठरलेला असतो. कौलात निदान डावी कळी पडण्याची शक्यता खरी होती.

‘श्रद्धेने जंगल टिकतं’ हा दावा आपल्याकडेच केला जातो असं नाही. 1967 मध्ये लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून पर्यावरणाच्या संकटाचं खापर पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर फोडलं: माणूस सृष्टीचा स्वामी ही शिकवणच मुळाशी आहे म्हणे. आपल्याकडच्या पूर्वजगौरवाला हा लेख फार आवडतो. पण पुढच्याच वर्षी यी-फू त्वान या भूगोलज्ञाने चीनचं उदाहरण समोर ठेवलं. ताओ आणि बौद्ध विचारात निसर्गाशी एकरूप होण्याचा एवढा गौरव, तरी चीनचे डोंगर शतकानुशतकं उघडे का होत गेले? देवळांच्या अवाढव्य लाकूडकामाने, दहनाच्या सरपणाने, आणि शाई करण्यासाठी पाइनची झाडं जाळून जमवलेल्या काजळीने. तीच सुलेखनकला, तीच डोंगर-धुक्याची चित्रं. त्यांच्यासाठीही झाडच जळत होतं.

जपानचं उदाहरण तर आपल्या वादाला आरपार छेदतं. शिंतो पंथात झाडाला, डोंगराला देवत्व आहे. तरीही किल्ले, शहरं आणि देवळं बांधता बांधता सतराव्या शतकात तिथली जुनी जंगलं मोठ्या प्रमाणावर संपली. मग ती सावरली कशी? लोक अचानक जास्त धार्मिक झाले म्हणून नव्हे. सरंजामदारांनी तोडबंदी घातली, गावांच्या सामाईक रानांना नियम लागले, पुढे लागवड आली. किसो खोऱ्यात हिनोकीसह पाच जातींच्या झाडांवर बंदी होती आणि ‘एका झाडाला एक मुंडकं’ अशी म्हणच होती. क्रूर होती, पण तिच्यात भाविकता नव्हती. इसे येथील महामंदिराचं बघा. ते दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, आणि एका खेपेला सुमारे दहा हजार हिनोकी लागतात. मंदिराच्या स्वतःच्या डोंगरातलं मोठं लाकूड मध्ययुगातच संपलं आणि मग दूरदूरच्या रानांतून ते आणणं सुरू झालं. देव जागचा हलला नव्हता, पूजा एक दिवस चुकली नव्हती, रान मात्र संपलं. 1923 मध्ये मंदिराने दोनशे वर्षांचा लागवडीचा आराखडा केला: कुठली झाडं राखायची, विरळणी कधी करायची, कुठल्या खोडाला खूण करायची. 2013 च्या बांधणीत कित्येक शतकांनी प्रथमच स्वतःच्या रानातलं काही लाकूड वापरता आलं.

आपल्या इतिहासातही याला जोड आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 1715 चं आज्ञापत्र पर्यावरणदिनाला हमखास आठवतं. त्यात आरमारासाठी लाकडाविषयीचा भाग आहे. पण तो भाग नीट वाचावा. सागवानासारखं लाकूड लागेल ते हुजुरास कळवून, परवानगीने तोडावं, कमी पडलं तर बाहेरून विकत आणावं. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड अगदीच जीर्ण असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. जबरदस्ती करू नये. इथे झाडात देव असल्याचा युक्तिवाद नाही. मालकी, संमती, मोबदला, वरिष्ठांची परवानगी एवढंच आहे. हा कारभार आहे, आणि म्हणूनच तो मला अधिक भरवशाचा वाटतो.

आता आजची राई कशी जाते ते पाहू, कारण इथे दोन्ही बाजूंचा अंदाज चुकतो. तोडणारा दरवेळी नास्तिक किंवा ठेकेदार नसतो, पुष्कळदा जीर्णोद्धार समिती असते. जुनं देऊळ जांभ्याच्या भिंतींचं, लाकडी खांबांचं, कौलारू. कित्येक ठिकाणी तर तेही नाही, उघड्यावरचा शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, ज्या देवाला छप्पर चालत नाही अशी गावाची धारणा. चाकरमानी वर्गणी काढतात. सिमेंटचा स्लॅब, सभामंडप, फरशी, संगमरवरी मूर्ती ठरते. निधी कमी पडला की राईतली चार मोठी झाडं विकायची, ‘देवाचंच देवाला’. ट्रक आत यायला रस्ता हवा, म्हणून जेसीबी येतो आणि गडगा एका बाजूने फुटतो. छप्पर न चालणाऱ्या देवाला आता स्लॅब चालू लागतो. देव बदलला नाही, त्याला काय आवडतं हे सांगणारी माणसं बदलली. श्रद्धा या साऱ्या काळात वाढलेलीच असते. उत्सव मोठा, मांडव मोठा, वर्गणीची पावती मोठी.

पुढची पडझड झाडं मोजून कळत नाही. रस्त्याच्या चिरेतून ऊन आत शिरलं की रानमोडी आणि घाणेरी ही तणं तिथे माजतात. घट्ट छताखाली वाढलेल्या सावलीतल्या रोपांना ते ऊन सोसत नाही. आजवर आत असलेली उंच झाडं आता कडेला येतात; त्यांना वाऱ्याची सवय नसते, दोन-चार पावसाळ्यांत तीही उन्मळतात. मग ‘परिसर स्वच्छ’ करण्याची हौस: पाचोळा झाडून जाळायचा, पडलेले ओंडके हलवायचे. पाचोळा गेला की पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी वाहून जातो, आणि राईच्या पायथ्याचा झरा, ज्याच्यावर खालच्या सुपारीच्या बागा जगतात, एप्रिलऐवजी फेब्रुवारीतच आटतो. ओंडके गेले की त्यांतली बुरशी, भुंगे आणि त्यांवर जगणारे पक्षी गेले. ढोली असलेला जुना सातवीण किंवा बेहडा ‘पोकळ झालाय, पडेल’ म्हणून काढला की धनेशाची वीण थांबते, कारण त्याची मादी अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेते. शेवटी भरपाई म्हणून गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग लावतात, फलकासकट!

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे आणि गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या दलदली उरल्या आहेत. या झाडाची मुळं श्वासासाठी चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. त्याला बारमाही वाहतं पाणी लागतं. बी एकदा वाळलं की रुजत नाही, त्यामुळे ते साठवून ‘पुढच्या वर्षी लावू’ म्हणता येत नाही. वरच्या अंगाला कोणी झऱ्यावर पंप बसवला किंवा चर खणून पाणी वळवलं, तर एकही झाड न तोडता ही राई मरेल. अशा ठिकाणी नुसती श्रद्धा काय करणार, आणि ‘झाडे लावा’ची पाटी तरी काय करणार? पाणी कोण वळवू शकतो, एवढाच प्रश्न तिथे आहे.

दुसरा गंभीर आक्षेप समाजाच्या बाजूने येतो, आणि त्याला बगल देऊ नये. ज्या वहिवाटीचं मी गुणगान करतो आहे ती कोणाची होती? मानकऱ्यांची. दलितांना राईत जागा ठरवून दिलेली, बहुतेकदा उंबऱ्याबाहेरची. बायकांना कौलात तोंड उघडायला वाव नाही, पाळीच्या दिवसांत वाटही बंद. शिक्षा सर्वांना सारखी होती असंही मानायचं कारण नाही. हे सगळं खरं आहे, आणि म्हणून ‘जुनी गावराहाटी परत आणा’ हे उत्तर मला मान्य नाही. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष फार घाईचा असतो: अधिकार विषम होता, म्हणून अधिकारच नको, खातं सांभाळेल. विषम हातातला अधिकार सगळ्यांच्या हाती द्यायचा की गावाबाहेर नेऊन ठेवायचा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खात्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. 18 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांचं, म्हणजे तिथल्या देवरायांचं, जमिनीवर आणि उपग्रहाद्वारे मोजमाप करायला सांगितलं आणि वन्यजीव कायद्याखाली त्यांना सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याकडे कल दाखवला. हद्द कागदावर येणं ही मोठीच गोष्ट आहे. ज्या राईचा गट नंबर कोणाला सांगता येत नाही ती सौरऊर्जेच्या किंवा खाणीच्या नकाशात पडीक म्हणून रंगवली जाते. पण ओरणात कुऱ्हाडीला बंदी असली तरी गुरं-मेंढ्या चरतात, लोक केरची फळं आणि सांगरीच्या शेंगा गोळा करतात. ‘वन’ असा शिक्का बसला की उद्या तोच धनगर घुसखोर ठरणार नाही याची हमी कोण देणार? या दर्जाच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीने नेमलेले किमान पाच प्रतिनिधी आणि वनविभागाचा एक, अशी तरतूद आहे. ते पाच कोण, हाच कळीचा मुद्दा. सरपंचाच्या गोटातले पाच आले तर आपण मानकऱ्यांच्या जागी दुसरे मानकरी बसवले, इतकंच.

गावाच्या हाती दिलं तर गाव विकून टाकेल, हा तिसरा आक्षेप नेहमी शहरातून येतो. विकेलही. पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 पासून स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. विकूनही रान संपलं नाही, कारण तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकानेही अडवलं तर विषय पुढच्या सभेला. डाव्या कळीचंच हे लोकशाही रूप म्हणा ना! कोकणातल्या बहुतेक राया महसुली, देवस्थानाच्या किंवा खासगी जमिनीवर असल्याने तिथे हा कायदा जसाच्या तसा लागू पडणार नाही, पण रीत उचलायला कायदा आड येत नाही.

म्हणून श्रद्धा-विज्ञानाची कुस्ती थांबवून गावाने पुढच्या ग्रामसभेत कोरडी कामं हाती घ्यावीत. राईची मोजणी मागवा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘देवराई’ अशी नोंद करून घ्या, जैवविविधता नोंदवहीत झाडंच नव्हे तर झरा आणि त्याच्या खालच्या बागाही लिहा. जीर्णोद्धार करायचा तर जुन्या जोत्याच्या बाहेर एक फूटही जायचं नाही आणि साहित्य डोक्यावरून न्यायचं, रस्ता काढायचा नाही. पडलेलं झाड पडल्या जागी राहील. रानमोडी ऑक्टोबरात, जमीन ओली असताना आणि फुलावर येण्याआधी, मुळासकट उपटायची. रोपं त्याच राईतल्या ताज्या बियांची, गोळा केल्या दिवशी सावलीत पेरलेली. तोड मागणाऱ्याने कौल खुशाल लावावा. उजवी कळी पडली तरी विषय महिलांच्या ग्रामसभेत आणि मग पूर्ण ग्रामसभेत जाईल; झऱ्याच्या पाण्यावर जगणाऱ्या वाडीला, मग ती कुठल्याही जातीची असो, तिथे नकाराचा पूर्ण हक्क असेल; आणि होकार देणाऱ्या प्रत्येकाचं नाव इतिवृत्तात येईल.